स्वस्त पण भरवशाची हँडगन: वैयक्तिक संग्रहासाठी काय घ्यावं, काय टाळावं?

नवा_परवाना

परवान्याचं काम झालंय. आता चार-पाच हँडगनचा छोटा संग्रह करायचा आहे. नुसती कपाटात ठेवायची नाहीत, रेंजवर अधूनमधून चालवायचीही आहेत. दुर्मीळ नसली तरी चालेल, पण बिघडू नयेत आणि बिघडली तर सुटे भाग मिळावेत. डोक्यात ही यादी आहे: माकारोव, टोकारेव टीटी-३३, सीझेड ७५, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० आणि नागाँ रिव्हॉल्व्हर. यातलं काय ठेवू, काय काढू? आणि वापरलेला माल तपासायचा कसा?

मोजमाप

यादी वाईट नाही, पण सुरुवात उलट्या टोकाकडून केलीत. आधी काडतुसं मोजा. तुमच्या यादीत पाच हत्यारं आणि पाच वेगवेगळी काडतुसं आहेत: ९×१८, ७.६२×२५, ९×१९, .३८ स्पेशल आणि ७.६२×३८ आर. हत्यार एकदाच विकत घेता, काडतूस दर वेळी. हत्यार स्वस्त मिळतं तेव्हा बहुतेक वेळा त्याचं काडतूस महाग किंवा दुर्मीळ असतं, म्हणूनच ते स्वस्त असतं. नागाँ हे याचं नमुनेदार उदाहरण.

माझा हिशोब असा: हत्याराची किंमत + चार जादा मॅगझिन + एक स्प्रिंगचा संच + हजार काडतुसं. ही बेरीज करून दोन पर्याय शेजारी ठेवा. पुष्कळदा 'महाग' सीझेड ७५ हे 'स्वस्त' टोकारेवच्या खाली येतं. जगभरच्या पोलिसांचं आणि सैन्यांचं प्रमुख पिस्तुलाचं काडतूस ९×१९ असल्यामुळे ते सर्वांत जास्त बनतं आणि सर्वांत स्वस्त पडतं. .२२ एलआर त्याहूनही स्वस्त, पण त्याबद्दल खाली कोणीतरी बोलेलच.

आणि हो, पैसे देण्याआधी तुमच्या परवान्यात कोणती कॅलिबर बसतात, किती नग ठेवता येतात आणि मॅगझिनच्या क्षमतेला मर्यादा आहे का, हे लेखी वाचा. काही देशांत लष्करी कॅलिबर नागरिकांना वर्ज्य आहेत, काही ठिकाणी संग्राहकाचा परवाना वेगळा असतो आणि त्यावर गोळी झाडताच येत नाही.

सहाबार

मोजमाप यांच्याशी अर्धा सहमत. काडतुसांची संख्या कमी ठेवावी हे खरं, पण संग्रह म्हणजे एकाच काडतुसाची पाच पिस्तुलं नव्हे. मी यंत्रणेवरून निवडेन: एक रिव्हॉल्व्हर, एक साधं ब्लोबॅक (वरची सरकती स्लाइड नळीला अडकवणारं कुलूप नसलेलं), एक कलती नळी असलेलं (नळी कलून स्लाइड मोकळी करणारं), एक स्ट्रायकरवालं (घोड्याऐवजी आतली पिनच स्प्रिंगने पुढे जाणारं), आणि वाटलं तर खाली सरकणाऱ्या लॉकिंग ब्लॉकचं एक. असं केलं की प्रत्येक हत्यार उघडल्यावर काहीतरी वेगळं बघायला मिळतं.

रिव्हॉल्व्हरमध्ये मॉडेल १० ला मत. १८९९ च्या 'मिलिटरी अँड पोलीस'पासून चालत आलेली हीच रचना, १९५७ मध्ये तिला 'मॉडेल १०' हा क्रमांक मिळाला. साठ लाखांवर बनली आहेत, त्यामुळे भागांची ददात नाही. पोलीस खात्यांतून निघालेले नग बाहेरून खरवडलेले दिसतात, कारण वर्षानुवर्षं होल्स्टरमध्ये घासले जातात, पण झाडले फार कमी जातात. नळीच्या टोकाचा आणि सिलिंडरच्या कडांचा रंग उडालेला असला तरी आतलं यंत्र घट्ट असू शकतं. अशा मालाला घाबरू नका. घाबरा ते चकाचक नव्या पॉलिशला.

नागाँ शेवटी ठेवा किंवा सोडून द्या. रचना गमतीची आहे: घोडा (मागचा हातोडा) चढवला की सिलिंडर पुढे सरकून नळीच्या मागच्या टोकावर बसतं आणि काडतुसाच्या टोपणाची, म्हणजे पितळी कवचाची, लांब मान दोघांमधली फट बंद करते. पण डबल ॲक्शनचा (घोडा आधी न चढवता ओढायचा) चाप इतका जड की निशाणा धरून ठेवणं कठीण, आणि सातही टोपणं एकेक करून दांडीने ढकलून काढायची. काही जण त्यात .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वापरतात. ते टोपण त्या चेंबरसाठी अरुंद आहे, फुगतं, कधी फाटतं. गॅस बंद होणं तर दूरच. नागाँ घेणार असाल तर आधी त्याच्याच काडतुसांची सोय बघा.

तेलकट_चिंधी

वापरलेलं रिव्हॉल्व्हर तपासायचा क्रम लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. सगळ्यात आधी सिलिंडर उघडून सर्व चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने बघा. विक्रेत्याने तुमच्यासमोर उघडून दाखवलं असलं तरी हातात आल्यावर पुन्हा बघा. कोरडा चाप (रिकाम्या हत्याराचा) ओढण्यापूर्वी विक्रेत्याची परवानगी घ्या.

सिलिंडर आणि नळी यांतली फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजा. साधारण ०.१० ते ०.२५ मिमी चालते, ०.१५ च्या आसपास उत्तम. आता सिलिंडर बोटाने मागे दाबून एकदा आणि पुढे दाबून एकदा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरची पुढे-मागे हालचाल. ०.०८ मिमीपर्यंत ठीक, ०.१ च्या वर गेला तर दुरुस्तीचे पैसे किमतीतून कापून घ्या. पातळ वॉशर टाकून ते सुधारता येतं, पण ते काम गनस्मिथचं.

मग टायमिंग, म्हणजे चेंबर नळीसमोर वेळेवर अडकतो का ते. सिलिंडरवर बोटाचा अगदी हलका अडथळा ठेवून घोडा अंगठ्याने सावकाश मागे घ्या. घोडा पूर्ण चढायच्या आत सिलिंडरचा अडसर खाचेत पडल्याचा 'टक्' आवाज यायला हवा. प्रत्येक चेंबरवर हे करा, एकावर करून थांबू नका, कारण झीज बहुतेक वेळा एकदोन दात्यांवरच असते. अडसर उशिरा पडत असेल तर गोळी नळीत शिरताना कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूने उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या गालाला ते पहिले कळतात.

घोडा चढवलेला असताना त्याच्या पाठीवर अंगठ्याने पुढे जोर द्या. सुटला तर ते हत्यार तिथेच ठेवा. घोडा अडवणारा दात कोणीतरी घासलाय.

नळीच्या मागच्या तोंडाची कडा टॉर्चने बघा, बारीक भेग आहे का ते. स्मिथच्या मध्यम फ्रेमच्या .३५७ मॉडेलांमध्ये, विशेषतः मॉडेल १९ मध्ये, त्या कडेचा खालचा भाग सिलिंडरला जागा द्यायला सपाट कापलेला असतो. हलक्या आणि वेगवान .३५७ गोळ्यांनी भेग नेमकी तिथेच पडते. .३८ स्पेशलच्या मॉडेल १० मध्ये हा त्रास सहसा नाही.

शेवटी सिलिंडर उघडून त्याच्या हाताची (ज्या दांडीवर ते बाहेर झुलतं) सरळ बंद होण्याची चाल बघा. सिनेमासारखं मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करणाऱ्यांनी ती दांडी वाकवलेली असते. बंद करताना शेवटच्या मिलिमीटरला बोटाने ढकलावं लागत असेल तर समजा.

नवा_परवाना

हे सोन्यासारखं आहे, प्रिंट काढून घेतली. जुन्या मॉडेल १० सारखंच दिसणारं 'व्हिक्टरी मॉडेल' स्वस्त मिळतंय. तेही तेच ना?

सहाबार

दिसायला तेच, काडतूस मात्र नीट बघा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी बनलेली व्हिक्टरी .३८/२०० ची, म्हणजे .३८ एस अँड डब्ल्यूची. बहुतेक पाच इंची नळीची. .३८ स्पेशलचं टोपण लांब आणि थोडं बारीक (साधारण ९.६ मिमी), .३८ एस अँड डब्ल्यूचं आखूड आणि जाड (साधारण ९.८ मिमी). युद्धानंतर अशा पुष्कळ रिव्हॉल्व्हरचे चेंबर पुढे कापून .३८ स्पेशल बसेल असे केले. पुढे कापता येतं, पण मागचा रुंद भाग अरुंद करता येत नाही. त्यामुळे झाडलेलं टोपण मागे फुगलेलं निघतं, क्वचित चिरतं, शिवाय नळीही किंचित मोठ्या गोळीची असल्याने निशाणा भरकटतो.

चार इंची आणि अमेरिकी वापरासाठी .३८ स्पेशलमध्येच बनलेली व्हिक्टरी उत्तम. नळीवरचा मूळ शिक्का वाचा. आणि एक जुनं झाडलेलं टोपण मागून घ्या. ते सरळ आहे की मागे फुगलंय हे पाहिलं की कागदापेक्षा जास्त कळतं.

काळी_नळी

पिस्तुलांकडे या. माकारोव ठेवा. १९५१ ला सोव्हिएत सैन्याने स्वीकारलं, नळी फ्रेममध्ये पक्की बसवलेली, सुट्या भागांची संख्या फार कमी. लांबलचक चपटी मेनस्प्रिंग घोड्यालाही ताण देते आणि तिचं खालचं टोक मॅगझिनची पकडही असते. इतकं कमी सामान असलं की बिघडायला उरतंच काय? ट्रिगर गार्ड खाली ओढायचं, स्लाइड मागे नेऊन वर उचलायची, झालं.

पूर्व जर्मन नगांचं फिनिश सर्वांत देखणं, बल्गेरियन सर्वांत सहज मिळणारे आणि चालायला तितकेच चांगले. संग्रहमूल्य नको असेल तर बल्गेरियन घ्या.

सावधान: ९×१७, ९×१८, ९×१९ ही तिन्ही '९ मिमी' आहेत पण अदलाबदल चालत नाही. माकारोवची गोळी ९.२७ मिमी व्यासाची, ९×१९ ची ९.०१ च्या आसपास. आणि माकारोव .३८० म्हणजे ९×१७ मध्येही बनलं आहे, म्हणून नळीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय डबा उघडू नका.

रिकॉइल स्प्रिंग पहिल्याच दिवशी बदला. ब्लोबॅकमध्ये स्लाइडला थोपवायला तिचं वजन आणि ती स्प्रिंग, एवढंच असतं. स्प्रिंग मऊ झाली की स्लाइड फ्रेमवर आपटते आणि टोपणं दूर फेकली जातात. शेजारच्या लेनमध्ये टोपणं पडायला लागली तर हेच कारण. स्प्रिंगचं तोंडही आहे: जी बाजू घट्ट बसते ती नळीच्या मुळाशी.

मोजमाप

माकारोव हवं असेल तर झेक सीझेड ८२ पण बघा. तेच काडतूस, पण मॅगझिन १२ ची, सेफ्टी आणि मॅगझिनचं बटण दोन्ही बाजूंना, आणि चाप माकारोवपेक्षा कितीतरी बरा. नळी पॉलिगोनल (टोकदार खाचांऐवजी गुळगुळीत बहुकोनी पिळाची) असल्याने साफ करताना पीळ पुसट दिसतात. नवख्याला वाटतं नळी झिजली. झिजलेली नसते.

काळी_नळी

टोकारेवबद्दल. रचना भक्कम, घोड्याचं सगळं यंत्र एकाच ठोकळ्यात, तो हाताने वर उचलून बाहेर येतो. साफसफाईला याहून सोपं जुनं पिस्तूल शोधावं लागेल. पण मूळ टीटी-३३ ला हाताची सेफ्टी नाही, अर्ध्या चढणीची खाच (घोडा अर्ध्यावर अडवणारी) आहे आणि तिच्यावर भरवसा ठेवू नये. निर्यातीसाठी नंतर जोडलेल्या सेफ्टी ठिकठाक ते बेकार. रेंजवरचं हत्यार आहे, झाडायच्या वेळी भरायचं, संपलं की रिकामं.

झास्तावाचं एम५७ हे त्याचंच युगोस्लाव रूप, मूठ थोडी लांब, ८ ऐवजी ९ काडतुसं. मॅगझिन एकमेकांत चालत नाहीत, म्हणून हत्यारासोबत किती मॅगझिन मिळतात ते आधी ठरवा. काडतुसांची संख्या वाढवायची नसेल तर ९×१९ मधलं झास्तावा एम७०ए किंवा चिनी २१३ घ्या. यंत्रणा टोकारेवचीच, खाऊ सीझेड ७५ वाला.

तेलकट_चिंधी

७.६२×२५ चा जुना सरकारी साठा घेणार असाल तर हे वाचा. त्या काडतुसांच्या टोप्यांत (ठिणगी देणाऱ्या प्रायमरमध्ये) पोटॅशियम क्लोरेट असतं, झाडल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मीठच, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. मीठ तेलात विरघळत नाही. नुसतं तेल पुसलं तर मिठावर तेलाचा थर बसतो आणि खाली गंज चालूच. गरम पाणी नळीतून, स्लाइडच्या तोंडावरून, फायरिंग पिनच्या भोकातून घाला, पूर्ण वाळवा, मग नेहमीसारखं सॉल्व्हंट आणि तेल. त्याच दिवशी. दमट हवेत दुसऱ्या सकाळी तांबूस पूड दिसायला लागते. मॅगझिन आणि फायरिंग पिनची नळी विसरू नका, गंज तिथेच लपतो.

पेन्सिलवाला

टोकारेवच्या नादात कोणी सीझेड ५२ सुचवेल, म्हणून आधीच लिहितो. रोलर लॉकिंग (स्लाइड-नळी अडकवणाऱ्या छोट्या गोल दांड्या) बघायला छान, पण रोलरसाठी नळीच्या मुळाशी खाचा पाडल्याने तिथली भिंत पातळ आहे. 'टोकारेवपेक्षा मजबूत, म्हणून जास्त जोराची काडतुसं चालतात' ही अफवा खोटी आहे. मूळ फायरिंग पिन ठिसूळ, कोरड्या चापाने तुटते. आणि डिकॉकर (गोळी न झाडता घोडा खाली आणणारी कळ) भरलेल्या चेंबरवर वापरायचा नाही, जुन्या नगांमध्ये त्याने गोळी सुटू शकते.

आता पिस्तुलाची तपासणी, कारण रिव्हॉल्व्हरचं वर झालंय. मॅगझिन काढा, स्लाइड मागे घ्या, चेंबरमध्ये बघा आणि करंगळी घाला. हा क्रम पाळा: मॅगझिन आधी. उलट केलंत तर स्लाइड सोडताना एक काडतूस परत आत जातं.

सेफ्टी: घोडा चढवा, सेफ्टी लावा, चाप घट्ट ओढा, चाप सोडा, आता सेफ्टी काढा. घोडा जागचा हलता कामा नये. सेफ्टी काढतानाच पडला तर चापाने सिअर (घोडा अडवून धरणारा दात) अर्धवट सरकवला होता, झीज आहे.

डिस्कनेक्टर (एका चापात एकच गोळी सुटू देणारा भाग): चाप ओढून घोडा पाडा, चाप दाबूनच ठेवा, स्लाइड हाताने पूर्ण मागे नेऊन सोडा. घोडा चढलेलाच राहायला हवा. चाप सावकाश सोडला की 'टिक्' आणि पुन्हा ओढला की पडेल. हे नीट होत नसेल तर ते पिस्तूल एका चापात दोन गोळ्या झाडू शकतं.

फायरिंग पिन: रिकाम्या पिस्तुलाची नळी वर करा, मागे रबर असलेली पेन्सिल रबराकडून आत सोडा, घोडा चढवून चाप ओढा. पेन्सिल उसळून बाहेर यायला हवी. नुसतीच थरथरली तर पिन आखूड, स्प्रिंग मऊ किंवा वाट काजळीने भरलेली. डिकॉकर असेल तर पुन्हा पेन्सिल घालून डिकॉक करा, या वेळी ती हलता कामा नये.

एक्स्ट्रॅक्टरचा (टोपण ओढून काढणाऱ्या भागाचा) नखीसारखा दात टॉर्चने बघा, टवका उडालेला असतो. मग मॅगझिनचे ओठ. दोन्ही बाजू समान, वाकलेल्या किंवा चिरलेल्या नकोत. 'पिस्तूल अडकतं' अशा तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा दोष मॅगझिनचा असतो. मॅगझिनवर क्रमांक घाला आणि कोणत्या क्रमांकाला अडकलं ते लिहीत जा, दोन सत्रांत गुन्हेगार सापडतो.

स्लाइड हलवल्यावर खडखडते म्हणून नाकारू नका. निशाणा ठरतो तो स्लाइड बंद असताना नळी प्रत्येक वेळी त्याच जागी बसते का यावर. स्लाइड बंद करून नळीच्या मागच्या भागाला अंगठ्याने खाली दाबा. तो दबत असेल तर विचार करा.

सहाबार

सीझेड ७५ बद्दल कोणीच काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना मान्य आहे असं धरतो. कोउत्स्की बंधूंची रचना, १९७५. स्लाइड फ्रेमच्या बाहेरून न धावता आतल्या रुळांवर धावते, त्यामुळे ती खाली बसते आणि उसळी कमी वाटते. उलट बाजू अशी की पकडायला स्लाइडची उंची कमी मिळते, ओल्या हाताने मागे ओढताना घसरते.

नेहमी तुटतो तो भाग स्लाइड स्टॉप. एक जादा ठेवा. चाप परत आणणारी स्प्रिंग दुसरी. आणि ७५बी मध्ये फायरिंग पिन धरणारी पोकळ रोल पिन भरपूर कोरड्या चापाने चेपते, म्हणून सरावाला स्नॅप कॅप (नकली काडतूस) वापरा. जुन्या 'बी' नसलेल्या नगांत फायरिंग पिनला अडसर नाही. चाप किंचित गोड, पडल्यावरची सुरक्षितता कमी. मॅगझिन बटण दाबूनही बाहेर पडत नसेल तर बिघाड समजू नका, मुठीतली चपटी ब्रेक स्प्रिंग मुद्दाम तशी असते.

तुर्की आणि इटालियन प्रतिकृती स्वस्त पडतात, सारसिलमाझ आणि टानफोलियो दोन्ही चालणाऱ्या. फक्त एकाची मॅगझिन दुसऱ्यात बसेलच असं धरू नका.

काळी_नळी

स्ट्रायकरवाल्यात पोलिसांनी बदली दिलेलं ग्लॉक १७. ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ ला घेतलं, ३४ भाग. वापरलेलं ग्लॉक म्हणजे रिकॉइल स्प्रिंग आणि मॅगझिन स्प्रिंग बदलल्या की निम्मं नवं. ट्रिटियमची (अंधारात चमकणारी) साईट असेल तर तिची चमक गृहीत धरू नका, ट्रिटियमचं अर्धआयुष्य साधारण १२.३ वर्षं, म्हणजे जुन्या नगांत ती अंधारीच. जुन्या कारखानी नळीत पॉलिगोनल पीळ असतात, उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका, निर्मातासुद्धा नको म्हणतो. शिसं साचून दाब वाढतो.

आणि सुटं करायच्या आधी चाप ओढावा लागतो. जगभर या पिस्तुलाने झालेले कितीतरी अपघात याच पायरीवरचे. रिकामं आहे हे दोनदा बघितल्याशिवाय ती पायरी करायची नाही.

नवा_परवाना

म्हणजे यादी: मॉडेल १०, माकारोव किंवा सीझेड ८२, सीझेड ७५, ग्लॉक १७ आणि टोकारेवची ९×१९ वाली आवृत्ती. तीन काडतुसं. नागाँ बाद. .२२ पाहिजेच का? आणि साठवणीचं काय?

मोजमाप

पाहिजे, आणि मी तर टोकारेव मागे ठेवून आधी .२२ घेईन. रुगरची मार्क मालिका दणकट आहे. २०१६ चं मार्क ४ एका बटणाने उघडतं. आधीच्या मार्क १, २, ३ परत जोडताना घोड्याची जागा चुकली की बसतच नाहीत, वैताग येतो. .२२ ला कोरडा चाप टाळा, रिमफायरची (काडतुसाच्या कडेवर आघात करणारी) पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पाडू शकते. अडकलं तर आधी दुसऱ्या कंपनीची काडतुसं घालून बघा, .२२ सेमी-ऑटो खाण्यात चोखंदळ असतं.

तेलकट_चिंधी

साठवण: चामड्याच्या होल्स्टरमध्ये कधीच नाही. चामडं ओल धरतं आणि कमावतानाची रसायनं धातू खातात. फोमची पेटीही प्रवासापुरती. बंद तिजोरीत आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा, सिलिका जेल रंग बदलला की भाजून वापरा, छोटा हायग्रोमीटर आत टांगा. हाताळल्यावर तेलाच्या फडक्याने पुसा, घामाचा ठसा ब्लूइंगवर (पोलादाच्या निळ्या-काळ्या थरावर) दोन दिवसांत कोरला जातो. लाकडी मुठीखाली तेल झिरपू देऊ नका, लाकूड मऊ पडतं. निकेल केलेलं काही आलंच तर अमोनियावालं तांबं-काढू सॉल्व्हंट त्याला लावू नका. निकेलखाली तांब्याचा थर असेल तर पापुद्रा उचलला जातो.

काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली घरातल्या मुलांना माहीत नसावी, आणि 'लपवून ठेवली आहे' म्हणजे माहीत नाही असं होत नाही.

पेन्सिलवाला

खरेदीच्या दिवशी एक राहिलंच: फ्रेम, स्लाइड आणि नळीवरचे क्रमांक परवान्याच्या कागदाशी जुळवा, एक अंक पुसट असला तरी व्यवहार थांबवा. पुन्हा पॉलिश केलेला नग ओळखायला अक्षरांच्या कडा आणि स्क्रूच्या भोकांचे काठ बघा. पॉलिशिंग चाकाने ते गोल होतात, भोकांभोवती बशीसारखा खड्डा दिसतो. स्मिथच्या घोड्यावर आणि चापावर ढगाळ रंगछटा असायला हव्यात. तिथे एकसारखा काळा रंग असेल तर ब्लूइंग नंतरचं. चालवायला हरकत नाही, पण मूळ फिनिशची किंमत देऊ नका.